उष्णतेचा ताळेबंद

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरतं घेतलं आहे, बोलण्याची भाषा मात्र तशीच ठेवली आहे.)



सोसायटीच्या इतिहासावर बोलणारे चौघे आहेत, तेव्हा मी तिकडे वळत नाही. सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुमचं ते उष्णतेचं काहीतरी सांगा, पण लोकांना झोप येणार नाही असं." पहिली अट पाळतो. दुसरीची हमी जेवणानंतरच्या भाषणात कोणीच देऊ नये.

माझ्या नोकरीची चौतीस वर्षं इथल्याच एका कारखान्याच्या युटिलिटी विभागात गेली. युटिलिटी म्हणजे बॉयलर, कूलिंग टॉवर, वाफ, पाणी, कॉम्प्रेसर. माल दुसरेच बनवतात. आम्ही त्यांना जे गरम हवं ते गरम करून द्यायचं आणि जे गार हवं ते गार. या कामाच्या मागे जे शास्त्र आहे त्याला इंग्रजीत थर्मोडायनॅमिक्स म्हणतात, मराठीत उष्मागतिकी. नाव भारदस्त आहे, पण त्याचा जन्म अगदी व्यवहारी प्रश्नातून झाला. १८२४ साली सादी कार्नो नावाच्या तरुण फ्रेंच इंजिनिअरनं एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचा प्रश्न एवढाच होता की, अमुक इतका कोळसा जाळला तर वाफेच्या इंजिनाकडून जास्तीत जास्त किती काम काढता येईल? पुढे आठ वर्षांनी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो पटकीनं गेला. पुस्तक त्याच्या हयातीत फारसं कोणी वाचलं नाही.

आज हा विषय घ्यायला कारण आहे. येत्या सर्वसाधारण सभेत तीन विषय आहेत आणि गेले दोन महिने जिन्यात, गेटवर आणि व्हॉट्सॲपवर दुसरं काही चाललेलं नाही. मागची विहीर बुजवून सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक घालायचे का? बोअर आणखी खोल न्यायची का? गच्चीवर पत्र्याची शेड घालायची का? आज सभा नाही, हात वर करायचे नाहीत, म्हणून जरा शांतपणे बोलता येईल. तिन्ही प्रश्न ऊन, पाणी आणि वारा यांच्या हिशोबाचे आहेत.

हिशोबाचा पहिला नियम आपल्या खजिनदार वहिनींना शिकवायला नको. ऊर्जा निर्माण होत नाही, नाहीशी होत नाही. जमेला जेवढी आली तेवढी खर्चाला किंवा शिलकीत दिसलीच पाहिजे. दुसरा नियम जरा अवघड आहे. पाचशेची नोट मोडून सुट्टे घेतले तर पैसे तेवढेच राहतात. पण तेच सुट्टे चिल्लर होऊन बत्तीस घरांत चार-चार आणे असे वाटले गेले, तर पाचशे रुपये कुठे गेले नाहीत हे खरं असूनही त्यात कोणाला किलोभर मासळीही घेता येणार नाही. ऊर्जेचं असंच आहे. ती विखुरते. गरम चहा आपोआप गार होतो, गार चहा आपोआप गरम होत नाही. मीठ पाण्यात आपोआप विरघळतं, पण वेगळं करायचं तर कोणीतरी खर्च करावा लागतो. हा मिठाचा मुद्दा लक्षात ठेवा, विहिरीजवळ तो परत लागणार आहे.

आता आपल्या जिल्ह्यातलंच एक उदाहरण. रेवदंड्याहून साळावच्या पुलावरून जाताना खाली जी खाडी दिसते ती कुंडलिकेची. कोलाडला मुलं राफ्टिंगला जातात तीही हीच नदी. भर उन्हाळ्यात तिच्यात एवढं पाणी कुठून येतं? ते भिऱ्याच्या वीजघरातून येतं. टाटांनी आपल्या जिल्ह्यात घाटाच्या पायथ्याशी तीन वीजघरं उभी केली, खोपोली १९१५ साली, भिवपुरी १९२२ साली आणि भिरा १९२७ साली. भिऱ्याला पाणी येतं ते वर मुळशीच्या धरणातून. त्या धरणासाठी जमिनी गेल्या म्हणून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. मुळशीचं पाणी सुमारे ५०० मीटर खाली उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि मग कुंडलिकेत सोडलं जातं.

एक लिटर पाणी ५०० मीटर खाली आलं तर किती ऊर्जा मिळते? साधारण ४.९ किलोज्यूल. तेवढ्या उष्णतेनं तेच एक लिटर पाणी जेमतेम सव्वा अंशानं तापेल. ज्यूल हा शास्त्रज्ञ, ज्याच्या नावानं हे एकक आहे, तो लग्नानंतरच्या प्रवासात आल्प्समध्ये थर्मामीटर घेऊन धबधब्याच्या वरचं आणि खालचं तापमान मोजत होता, असा किस्सा सांगतात. बायको काय म्हणाली ते मात्र कोणी सांगत नाही.

आता उलटा हिशोब. ते पाणी मुळशीला पोचलं कसं? अरबी समुद्रातून वाफ होऊन. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २,४३० किलोज्यूल लागतात. आपल्या वीजबिलाच्या भाषेत ०.६७ युनिट, म्हणजे दोन तृतीयांश युनिट. म्हणजे सूर्यानं वाफ करायला जेवढा खर्च केला त्याच्या पाचशेव्या भागाइतकी वीज भिऱ्याला हाती लागते, तीही यंत्रात काहीच वाया गेलं नाही असं धरून. बाकीचे चारशे नव्याण्णव भाग गेले कुठे? पहिला नियम सांगतो, कुठेतरी असलेच पाहिजेत. ते आकाशात मोकळे झाले. वाफेचा ढग होताना ती सगळी उष्णता हवेला परत मिळते, हवा हलकी होऊन वर जाते आणि खाली समुद्राकडून नवी हवा खेचली जाते. मान्सून चालतो तो याच उष्णतेवर.

हाच आकडा घरात वापरून बघा. अंघोळीचं वीस लिटर पाणी २७ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला सुमारे ०.३५ युनिट लागतं. आपला पंप एक हजार लिटर पाणी खालच्या टाकीतून गच्चीवर चढवतो त्याला, पंपाची सगळी गळती धरून, ०.१ युनिट. म्हणजे एका माणसाच्या एका अंघोळीचं पाणी तापवायला जेवढी वीज जाते, तेवढ्यात साडेतीन हजार लिटर पाणी वर चढतं. पंप किती वेळ चालला यावरून आपल्याकडे तीनदा भांडणं झाली आहेत, गीझरवरून एकदाही नाही. सोलर हीटरचा विषय कोणी काढला तर माझं मत आत्ताच नोंदवून ठेवा.

ढगात मोकळी होणारी ही उष्णता काय करू शकते ते आपण ३ जून २०२० रोजी पाहिलं. निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगानं. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या बागांचं काय झालं ते मी सांगायला नको, इथे बसलेल्या कितीतरी जणांच्या वाड्या तिकडे आहेत. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर आकाशात पावणेसात लाख युनिट उष्णता मोकळी होते. १०० मिलिमीटर पडला तर पावणेसात कोटी. तीही एका चौरस किलोमीटरची. वादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं.

केरी इमॅन्युएल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात दाखवून दिलं की चक्रीवादळ हे कार्नोनं सांगितलेलंच इंजिन आहे. खाली तीस अंशांचा समुद्र हा बॉयलर, वर पंधरा किलोमीटरवरची उणे सत्तर अंशांची हवा हा कंडेन्सर. कार्नोचं सूत्र लावलं तर आत घेतलेल्या उष्णतेच्या जास्तीत जास्त एक तृतीयांश भागाचा वारा होऊ शकतो. माझ्या कारखान्यातल्या वाफेच्या टर्बाइनची कामगिरी याच्यापेक्षा फार वेगळी नव्हती, म्हणून हे वाचलं तेव्हा मला त्या वादळाबद्दल, खरं सांगतो, थोडा आदरच वाटला. किनारा ओलांडला की बॉयलरखालची आग तुटते, म्हणून निसर्गाचं बळ काही तासांत ओसरू लागलं. तोवर आपल्या आवारातले चार माड आडवे झाले होते.

अरबी समुद्र तापतो आहे हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ बरीच वर्षं सांगत आहेत. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. सात टक्के ऐकायला कमी वाटतं, पण वर सांगितलेले आकडे सात टक्क्यांनी वाढवून बघा.

आता माणसाच्या शरीराकडे येतो. कूलिंग टॉवर तुम्ही बाहेरून पाहिला असेल, वरून पांढरी वाफ निघते तो. त्यात गरम पाणी वरून शिंपडतात, हवा खालून वर ओढतात, थोडं पाणी उडून जातं आणि उरलेलं गार होतं. नवा इंजिनिअर आला की मी त्याला पहिल्या दिवशी विचारायचो, "पाणी किती गार होईल?" तो हवेचं तापमान सांगायचा आणि चुकायचा. टॉवरचं पाणी गार होण्याची मर्यादा ठरते ओल्या थर्मामीटरवर. साध्या थर्मामीटरच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळा आणि वारा घाला, तो जो आकडा दाखवेल त्याच्या खाली टॉवर कधीच जात नाही. हवा कोरडी असेल तर ओला थर्मामीटर खूप खाली उतरतो. दमट असेल तर जेमतेम.

आपलं शरीर हा एक चालता-बोलता कूलिंग टॉवर आहे. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा जुन्या शंभर वॅटच्या बल्बएवढी उष्णता सतत बाहेर टाकत असतो. हवा गरम झाली की ती टाकायला घामाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. मे महिन्यात नागपूरला ४४ अंश असतात, पण आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला थर्मामीटर २३च्या आसपास दाखवतो. आपल्याकडे ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के धरली तर ओला थर्मामीटर २८. नागपूरकर फोनवर म्हणतात, "तुमचं बरं आहे, समुद्र आहे." आहे खरा. पण घाम न वाळण्याच्या बाबतीत आपण त्यांच्यापेक्षा पाच अंशांनी वाईट आहोत. दर उन्हाळ्यात आपल्या सोसायटीत कोणीतरी वाळ्याचा कूलर आणतं आणि जूनमध्ये तो जिन्याखाली येऊन पडतो, त्याचं कारणही हेच. तिथे सध्या तीन आहेत.

ओला थर्मामीटर ३५ला पोचला तर सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पिऊनसुद्धा शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही, असं गणित सांगतं. प्रत्यक्षात मर्यादा आणखी खाली आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठानं २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तरुण, धडधाकट माणसांतही दमट हवेत ती ३१ अंशांच्या आसपासच निघाली. वयस्कर माणसांचा घाम कमी, तहान कमी. आपल्या सोसायटीत साठीच्या पुढचे किती आहेत ते आज समोर दिसतंच आहे.

१६ एप्रिल २०२३चा रविवार आठवतो ना? खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा. लाखो माणसं सकाळपासून उघड्या मैदानात. उष्माघातानं चौदा जण गेले. आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीतलं कोणी ना कोणी त्या मैदानावर होतं. तापमान किती होतं? अडतीसच्या आसपास. विदर्भात अडतीस म्हणजे गारवा म्हणतील. पण डोक्यावर थेट ऊन, चौरस मीटरला हजार वॅटच्या घरात, हवा खाडीकाठची दमट, आणि गर्दीत वारा फिरत नाही. म्हणजे उष्णता जमेला तिन्ही बाजूंनी आणि खर्चाचा मार्ग जवळजवळ बंद. तापमानाच्या एका आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

समुद्राचं ऋण मात्र मान्य केलं पाहिजे. एक किलो पाणी एक अंश तापायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात जवळजवळ पाच किलो खडक एक अंश तापतो. म्हणून दुपारी जमीन तापते, समुद्र मागे राहतो, आणि सकाळी अकराच्या सुमारास खारे वारे सुरू होतात. पहाटे उलट, मतलई वारे. शिडाच्या होड्यांच्या काळात कोळी बांधव पहाटे मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर मासळी घेऊन परत यायचे. डिझेल शून्य. आपल्या इमारतीच्या पश्चिमेच्या गॅलऱ्या आर्किटेक्टनं या वाऱ्यासाठीच ठेवल्या होत्या. पंचवीस वर्षांत बत्तीसपैकी अठ्ठावीस गॅलऱ्यांना आपण काचेच्या सरकत्या खिडक्या लावून त्या खोलीत घेतल्या आणि मग एसी बसवला. यावर जास्त बोलत नाही. मला याच इमारतीत राहायचं आहे.

एसीबद्दल एकच सांगतो. दीड टनाचा एसी खोलीतून ५.३ किलोवॉट उष्णता काढतो, दीड किलोवॉट वीज खातो आणि बाहेर टाकतो ६.८. ("टन" हा शब्द बर्फाचा आहे, चोवीस तासांत एक टन बर्फ वितळवणारी उष्णता म्हणजे एक टन. १८३०च्या दशकात मुंबईला बर्फ अमेरिकेतून जहाजानं यायचा, तिथपासूनची ही भाषा.) आपल्या मागच्या डक्टमध्ये एकावर एक नऊ युनिटं आहेत. खालचं जे गरम फेकतं तेच वरचं आत ओढतं. वरच्यांचं बिल जास्त येतं ते मीटरच्या दोषानं नाही.

आता गच्ची. तिसऱ्या मजल्यावरच्यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. साडेसहाशे चौरस फुटांच्या घरावरचा पाच इंची स्लॅब दिवसभरात पंधरा अंश तापला, तर त्यात पासष्ट युनिट उष्णता साठते. ही सगळी घरात उतरत नाही, बरीचशी रात्री आकाशाकडे जाते. पण रात्री बारा वाजताही पंखा गरम वारा का मारतो याचं उत्तर त्यात आहे. शेड घातली तर स्लॅबवर सावली पडेल आणि गळतीही थांबेल, हे मान्य. बाजू उघड्या ठेवल्या तर खालून वाराही फिरेल. माझी हरकत वाऱ्याची आहे. ताशी १२० किलोमीटरचा वारा चौरस मीटरला जवळजवळ सत्तर किलोनं ओढतो. दहा फूट बाय तीन फुटांच्या एका पत्र्यावर ही ओढ दोनशे किलोच्या घरात जाते. निसर्गच्या दुपारी शेजारच्या इमारतीचे पत्रे आपल्या मीटररूमपर्यंत आले होते, ते कोणी विसरलेलं नाही. पंचवीस वर्षांच्या, खाऱ्या हवेत मुरलेल्या स्लॅबमध्ये बोल्ट मारून ही ओढ पेलायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या. तोवर वॉटरप्रूफिंग करून वर पांढरा थर द्या. साधा चुना चालेल, दर वर्षी पावसाळ्यानंतर परत मारावा लागेल. काळपट स्लॅब ऊन पितो, पांढरा बरंचसं परत फेकतो. खर्च शेडच्या मानानं किरकोळ आहे, आणि या एप्रिलमध्ये आधी एकाच विंगला मारून दोन्ही विंगांच्या तिसऱ्या मजल्यावर थर्मामीटर लावून बघता येईल.

राहिली विहीर. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा विषय हाच.

आपली जागा मूळची वाडी होती, माड, पोफळी आणि मधे रहाटाची विहीर. जुन्या लोकांनी विहीर खोल का खणली नाही? बावीस फुटांवर थांबले. कातळ लागला म्हणून, असं काही जण म्हणतात. असेलही. पण किनाऱ्यावर खोल जायचं नसतं हे त्यांना माहीत होतं, आणि पुढे हेच एका डच आणि एका जर्मन माणसानं गणितानं दाखवलं. जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं, कारण खारं पाणी अडीच टक्के जड आहे. त्याचा अर्थ असा की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली चाळीस फूट गोडं पाणी असतं. ऐकायला छान वाटतं. आता उलटं करा. उपसा करून वरची पातळी एक फूट उतरवली की खालून खारं पाणी चाळीस फूट वर येऊ बघतं. आपल्याकडे काळा कातळ आहे, पाणी भेगांतून चालतं, त्यामुळे चाळिसाचा आकडा तंतोतंत लागू होत नाही. दिशा मात्र तीच राहते. बोअर एकशे वीस फूट आहे. गेले तीन उन्हाळे पाणी मचूळ लागतंय. ती दोनशे फूट नेली तर आपण समुद्राला आत यायचं आमंत्रण देणार आहोत.

आणि खारट झालेलं पाणी परत गोडं करणं? इथे मिठाचा मुद्दा येतो. पन्नास लिटर गोड्या पाण्यात एक लिटर समुद्राचं पाणी मिसळलं तर टीडीएस सातशेनं वाढतो. मिसळायला खर्च काही नाही, ते आपोआप होतं. वेगळं करायला मात्र निसर्गानं किमान दर ठरवून दिला आहे. समुद्राच्या पाण्यातून हजार लिटर गोडं पाणी काढायला सुमारे एक युनिट, याच्या खाली कोणतंही यंत्र, कोणत्याही कंपनीचं, कधीच जाणार नाही. आजची चांगली यंत्रं तीन ते चार युनिट घेतात. पेण-उरणच्या मिठागरांत हेच काम उलट्या हेतूनं चालायचं, पाणी सोडायचं आणि मीठ ठेवायचं. तिथे वीजबिल सूर्य भरायचा.

आता प्लॉटचा हिशोब. वीस गुंठे जागा, वर्षाला दोन मीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे चाळीस लाख लिटर. बत्तीस घरं, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर आपली वर्षाची गरज त्रेसष्ट लाख लिटर. गरजेच्या जवळजवळ दोन तृतीयांश पाणी आपल्या डोक्यावरच पडतं. सूर्यानं त्याची वाफ करायला किती खर्च केला? सत्तावीस लाख युनिट. पेव्हर ब्लॉक घातले की यातलं बहुतेक पाणी गटारातून समुद्रात, आणि मेमध्ये टँकर.

विहीर म्हणजे टाकी नव्हे, हेही सांगतो. पावसाळ्यात मुरवलेलं सगळं पाणी मेपर्यंत आपल्यासाठी थांबत नाही, त्यातलं बरंच हळूहळू समुद्राकडे सरकतं. पण ते सरकतं म्हणूनच खारं पाणी बाहेर राहतं. दोन्ही गच्च्यांचं मिळून सहाशे चौरस मीटर क्षेत्र आहे, त्यावर बारा लाख लिटर पडतं. ते पाइपानं आणून गाळणीतून विहिरीत सोडायचं, पहिल्या दोन पावसांचं घाण पाणी वगळून. आणि उपसा विहिरीतून, वरच्या थरातून, थोडा-थोडा, दिवसातून दोनदा. एकदम तासभर पंप लावायचा नाही.

पेव्हर ब्लॉकचा आणखी एक परिणाम आहे. एक मोठा माड उन्हाळ्यात दिवसाला पन्नासेक लिटर पाणी हवेत सोडतो असं धरा. ती तेहतीस युनिटं. म्हणजे आपल्या दीड टनी एसीनं सहा तास काढलेली उष्णता एक माड ओढून घेतो, आणि ती कोणाच्या खिडकीत टाकत नाही. हवा थोडी दमट होते हे खरं, पण खारा वारा ती वाहून नेतो. आपले नऊ माड उरलेत. मुळांच्या भोवती ब्लॉक बसवल्यावर ते किती वर्षं टिकतील ते वाडीवाल्यांना विचारा.

गाड्यांचा प्रश्न खरा आहे. सतरा गाड्या आहेत, जागा अकरांची. तळमजल्यावरच्या आजींना रिक्षा दारापर्यंत यायला हवी, पावसात चिखल नको, हेही खरं. म्हणून मी कमिटीला लेखी दिलं आहे. पुढच्या पट्ट्यात चाकं फिरतात तेवढ्याच भागात जाळीचे ब्लॉक, मधे माती आणि गवत. सहा गाड्या उत्तरेच्या भिंतीलगत, तिथे एकही झाड नाही. विहिरीला कठडा आणि वर लोखंडी जाळी, कारण लहान मुलांची भीती रास्त आहे. बोअर आहे तेवढीच ठेवायची आणि फक्त एप्रिल-मेमध्ये, टीडीएस मोजून वापरायची. खर्चाचा तक्ता जोडला आहे. पूर्ण पेव्हर, विहीर बुजवणं आणि बोअर यांच्या एकत्रित कोटेशनच्या तो निम्म्याच्या आत येतो. आकड्यांत कुठे कमी-जास्त वाटलं तर सभेच्या आधी माझ्याकडे या, चहा घेत बसून बघू.

शेवटी मुलांसाठी. आपल्या अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यानं कुलाब्याची मोजमापं बिघडतील, म्हणून १९०४ साली ती इथे आणली. इमारतीत लोखंड वापरलेलं नाही. तिथे शंभराहून जास्त वर्षं नोंदी चालू आहेत. आपल्याला एवढं नको. विहिरीजवळच्या सावलीत मी दोन थर्मामीटर टांगले आहेत, एक कोरडा, एक ओला. वही वॉचमनच्या केबिनमध्ये आहे. रोज दुपारी अडीचला दोन्ही आकडे लिहायचे, आणि शनिवारी विहिरीची पातळी, दोरीला गाठी मारून ठेवल्या आहेत. बी विंगच्या चार मुलांनी पाळ्या लावून घेतल्या आहेत, सुट्टीत आणखी दोघं हवीत. ओल्या थर्मामीटरचं कापड सुतीच हवं, आणि वाटीतलं पाणी मात्र बोअरचं घालू नका रे, मीठ साचून कापड कडक होतं.